नावेचा तळ आणि काचेचें वस्त्र

हिंगणा म्हटलें कीं नागपूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें नदी क्वचितच उभी राहते. उभी राहते ती औद्योगिक वसाहत, तेथील ट्रॅक्टरचा कारखाना आणि पाळी सुटल्यावर रस्ता भरून टाकणारी कामगारांची वाहनें. परंतु त्याच गांवाच्या अंगाला वेणा नदी वाहते. तीच पुढें हिंगणघाटाजवळून जाऊन वर्धा नदीस मिळते. उन्हाळ्यांत तिचें रूप एखाद्या संकोचलेल्या ओढ्यासारखें असतें. मात्र धरणांनीं अडविलेलें पाणी जलाशयांत टिकून राहतें, आणि त्या पाण्यावर ढिवर लोकांचे डोंगे चालतात. वैनगंगेच्या खोऱ्यांत, भंडारा-गोंदियाकडील जुन्या मालगुजारी तलावांवर आणि वर्धेच्या पात्रांतहि हाच देखावा दिसतो. आतां पत्र्याच्या व फायबरच्या होड्या आल्या आहेत. तरी लांकडी डोंगा अद्याप नामशेष झालेला नाहीं.

या डोंग्याचा तळ हा आजच्या भाषणाचा विषय आहे. गच्चीची गळती एवढीच जलविद्या जाणणाऱ्या शहरवासी श्रोत्यांस हा विषय दूरचा वाटेल. पण ज्या द्रव्यानें डोंग्याचा तळ जलाभेद्य करतां येतो, तेंच द्रव्य बहुतेक घरांत कपाटाच्या एखाद्या खणांत दोन लहान नळ्यांच्या रूपानें पडलेलें असतें. कपाचा तुटलेला कान अथवा चष्म्याची काडी जोडण्यापुरतीच त्याची आठवण होते. त्या दोन नळ्यांतला पदार्थ आणि काचेच्या धाग्यांनीं विणलेलें कापड यांचा संयोग झाला म्हणजे लांकडावर एक असें कवच तयार होतें कीं, तें नीट बसलें तर वर्षानुवर्षें टिकतें, आणि चुकीच्या ठिकाणीं बसलें तर आंतलें लांकूड कोणाच्या ध्यानींमनीं नसतां कुजवून टाकतें. कवच एकच, फळें मात्र अगदीं उलट. हें असें कां होतें, तें समजून घेण्यासारखें आहे.

१४ सप्टेंबर २०२१ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील वरुड तालुक्यांत झुंज येथें वर्धा नदींत नाव उलटली आणि ११ जणांस जलसमाधि मिळाली. २३ जानेवारी २०२४ रोजीं गडचिरोली जिल्ह्यांतील गणपूरजवळ, मिरची तोडण्यासाठीं पलीकडच्या कांठावर निघालेल्या मजूर स्त्रियांचा डोंगा वैनगंगेंत उलटला. हे अपघात तळ खराब झाल्यामुळें घडले असें म्हणण्यास आधार नाहीं आणि तसें सुचविण्याचा हेतुहि नाहीं. परंतु नाव उलटते कशी, याचा विचार करूं लागलें म्हणजे दृष्टि तळाकडे वळल्यावांचून राहत नाहीं. काठोकाठ भरलेलें घागरभर पाणी एका खोलींतून दुसरींत नेणें सोपें असतें. पण तेंच पाणी परातींत घेऊन निघालें कीं तें एका बाजूस धांवतें, त्या बाजूस परात कलते, आणि कलली म्हणून आणखी पाणी तिकडेच धांवतें. नावेच्या तळांत सांचलेल्या पाण्याची रीत हीच होय. ५० चौरस फूट तळाच्या डोंग्यांत अवघें एक इंच पाणी सांचलें तर तें सुमारें ११८ लिटर, म्हणजे जवळजवळ दोन माणसांच्या वजनाइतकें होतें. दोन माणसें निदान एका जागीं बसून राहतात. पाणी तसें बसत नाहीं. नाव ज्या बाजूस झुकेल त्या बाजूस तें त्याच क्षणीं जाऊन बसतें. म्हणून गळका तळ ही नुसती गैरसोय नव्हे. वल्हें टाकून डब्यानें पाणी उपसणारा नावाडी जो वेळ उपसण्यांत घालवितो, तो प्रवाहाकडे पाहण्याचा वेळ असतो.

जुन्या काळीं तळ कसा राखीत? फळ्यांच्या सांध्यांत कापूस अथवा जुन्या दोरखंडाचा पिंजलेला काथ्या ठोकून बसवीत आणि वरून राळ व तेल यांचें कढविलेलें मिश्रण चोपडीत. कोंकणापासून अरबस्तानापर्यंतच्या खलाश्यांस चुना आणि चरबी किंवा तेल यांचा लेपहि ठाऊक होता. पुढें दगडी कोळशाचें डांबर आलें व स्वस्त म्हणून सर्वत्र पसरलें. या सर्व उपायांत एक शहाणपण होतें, आणि आजच्या चकचकीत उपायांच्या भरांत तें विसरलें जातें. लांकूड पाण्यांत फुगतें व सुकल्यावर आकसतें, हें त्या लोकांनीं शत्रु मानलें नाहीं. तें कामास लावलें. नाव पाण्यांत लोटली म्हणजे पहिले एक-दोन दिवस ती गळते, मग फळ्या फुगतात, सांधे एकमेकांस दाबून धरतात आणि गळती आपोआप थांबते. सागाची आठ इंच रुंद फळी कोरडी असतांना आणि चांगली भिजल्यावर मोजली तर तिच्या रुंदींत सुताराच्या भाषेंत एक-दीड सुताचा फरक पडतो. लांबींत मात्र जवळजवळ कांहींच फरक पडत नाहीं. लांकडाची ही एकमार्गी वाढ ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व अनर्थ तिच्यांतून निघतात.

आतां नव्या द्रव्यांकडे वळूं. काच ठिसूळ असते हें पोरांनाहि माहीत आहे. पण तिचा केंसाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका बारीक तंतु ओढला तर तो लवतो, विणतां येतो, आणि ओढण्यास विलक्षण बळकट असतो. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत असे तंतु कारखान्यांत काढण्याची युक्ति साधली आणि १९३८ सालीं ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी त्याच धंद्यासाठीं उभी राहिली. याच सुमारास स्वित्झर्लंडमध्यें पिएर कास्तां हा रसायनशास्त्रज्ञ दांतांच्या कामासाठीं एक न आकसणारी राळ शोधीत होता. त्याच्या शोधाचा हक्क सीबा या स्विस कंपनीनें घेतला आणि १९४६ सालीं 'ॲरल्डाइट' या नांवानें इपॉक्सी राळ बाजारांत आणली. दांतांच्या दवाखान्यासाठीं सुरू झालेली ही वस्तु पुढें विमानांत, विजेच्या यंत्रांत आणि नावांत शिरली.

काचेच्या नावांसाठीं स्वस्त अशी दुसरी एक राळ वापरतात. तिचें नांव पॉलिएस्टर. सबंध नांवच सांच्यांत काचेची ओतावयाची असेल तर ती उत्तम. पण लांकडावर चिकटविण्यास ती कच्ची पडते. घट्ट होतांना ती बरीच आकसते, लांकडाशीं तिची पकड ढिली असते, आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर लांकडापासून तिचें कवच पापुद्र्यासारखें सुटूं लागतें. इपॉक्सी फारच थोडी आकसते व लांकडाच्या रंध्रांत पाय रोवते. किंमत मात्र तिची बरीच अधिक. गरिबाच्या डोंग्याला बहुधा पॉलिएस्टरच लागते आणि तिच्या सुटलेल्या पापुद्र्यावरून "फायबर टिकत नाहीं" असा निकाल लोक देतात. दोष फायबरचा नसतो. काटकसर चुकीच्या जागीं झालेली असते.

या दोन राळांतला आणखी एक भेद गृहिणींस सहज समजेल. दुधाला विरजण थोडें लावलें तर दहीं उशिरां लागतें, अधिक लावलें तर लवकर लागतें. पण लागतें दोन्ही वेळां. पॉलिएस्टरमध्यें जें औषध घालतात तें कांहींसें विरजणासारखें असतें, त्यामुळें त्यांत थोडी कमीजास्त चालते. इपॉक्सीला हा न्याय मुळींच लागू नाहीं. तिचा हार्डनर हें विरजण नव्हे. तो राळेच्या कणांशीं स्वतः जोडला जाऊन जाळें विणतो. प्रत्येक कणास त्याचा जोडीदार मिळालाच पाहिजे. एखादी राळ वजनानें शंभरास दहा मागते, दुसरी मापानें दोनास एक मागते; जें प्रमाण डब्यावर छापलें असेल तें तंतोतंत पाळावें लागतें. लवकर घट्ट व्हावी म्हणून हार्डनर अधिक ओतणारा मनुष्य आपल्या हातानें तळ कायमचा चिकट करून ठेवतो, आणि मग तो चिकटा खरवडून काढण्यापलीकडे इलाज उरत नाहीं. येथें अंदाजपंचें उपयोगी नाहीं, तराजू हवा.

परंतु राळेच्या आधीं लांकूड. कोणत्या नावेस हें वस्त्र चढवावें आणि कोणत्या नावेस चढवूं नये, हा खरा प्रश्न आहे. आणि जेथें घाईनें हें काम केलें जातें तेथें तो विचारलाच जात नाहीं. कांठाला कांठ लावून ठोकलेल्या जुन्या फळ्यांची नाव, जिच्या सांध्यांत कापूस भरला आहे आणि जिच्या प्रत्येक फळीस भिजण्या-सुकण्याची संवय आहे, तिला पातळ काचेचें कवच चढविणें हा शुद्ध अविचार होय. आंतून पाणी लागलें कीं फळ्या पूर्वींप्रमाणें फुगतात. कवच फुगत नाहीं. मग एक तर सांध्यावर कवच चिरतें, नाहीं तर लांकडापासून सुटतें. आणि चिरलेल्या जागेंतून शिरलेलें पाणी पुन्हा बाहेर निघण्यास वाट राहत नाहीं. पूर्वीं नाव कांठावर ओढली कीं वाऱ्यानें सुकत असे. आतां ती बाहेरून कोरडी, तुळतुळीत दिसते आणि आंत सदैव ओली असते. अशा नावेची पुन्हा कापूस भरून, तेल-राळ लावून डागडुजी करावी, तें तिच्या आयुष्यास हितकर.

कुजणें म्हणजे काय, हेंहि थोडक्यांत पाहिलें पाहिजे. समुद्रांत लांकूड पोखरणारा किडा असतो; वेणेच्या गोड्या पाण्यांत तो नाहीं. येथला शत्रु म्हणजे बुरशी. लांकडांतील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या शेंकडा वीसच्या खालीं राखला तर बुरशीस आरंभ करतां येत नाहीं. तिशीच्या आसपास ओलावा, थोडी हवा व ऊब मिळाली कीं ती फोफावते. अगदीं बुडून राहिलेलें लांकूड हवेच्या अभावीं शतकेंहि टिकतें आणि कोरडें लांकूडहि टिकतें. मरतें तें मधल्या अवस्थेंतलें. एकाच बाजूनें कवच घातलेला तळ नेमका याच मधल्या अवस्थेंत येऊन बसतो. बाहेरून नदीचें पाणी अडतें. पण पावसाचें, ओल्या जाळ्यांचें, चढत्या-उतरत्या पायांचें पाणी आंतून मुरतच असतें. म्हणून बाहेरून वस्त्र चढविलें तर आंतूनहि राळेचे लेप द्यावेत, फळीच्या कापलेल्या टोंकांस तर सर्वांत आधीं द्यावेत, कारण लांकूड पाणी पितें तें मुख्यतः टोंकांनीं. अर्धें झांकणें हें मुळींच न झांकण्याहून वाईट.

वस्त्रास योग्य अशा नावा म्हणजे प्लायवुडच्या, अथवा अरुंद पट्ट्या एकमेकांस इपॉक्सीनेंच चिकटवून केलेल्या. त्यांचें अंग भिजलें नाहीं तर फुगण्याचा प्रश्नच उरत नाहीं. या रीतीचें सर्वांत ठळक उदाहरण गोव्यांत घडलें. मांडवी नदींतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत भारतीय नौदलासाठीं 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची नाव बांधली गेली व २००९ सालीं ती नौदलांत दाखल झाली. तिच्या अंगाचा गाभा लाल सीडरच्या लांकडी पट्ट्यांचा आहे आणि त्यावर इपॉक्सीसह काचेचें वस्त्र आहे. याच नावेंतून कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असें करणारे ते पहिले भारतीय. पुढें २०१२-१३ मध्यें अभिलाष टॉमी यांनीं तीच प्रदक्षिणा कोठेंहि न थांबतां केली. दक्षिण महासागराच्या लाटा ज्या लांकडानें सोसल्या, त्यास वेणेच्या जलाशयाची भीति नाहीं, हें उघड आहे. मात्र त्या लांकडास आयुष्यांत पाण्याचा थेंब लागूं दिला गेला नव्हता, हेंहि तितकेंच उघड आहे. गरिबांच्या नावांकडेहि शास्त्रज्ञांनीं अगदींच दुर्लक्ष केलें असें नाहीं. कोचीच्या केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्थेनें, जिची स्थापना १९५७ ची, रबराच्या झाडाचें एरवीं लवकर नासणारें लांकूड औषध मुरवून टिकाऊ केलें आणि वरून काचेचें आवरण देऊन लहान मच्छीमारांसाठीं होडी तयार करून दाखविली.

आतां अशी कल्पना करावी कीं, हिंगण्याकडील एखाद्या ढिवर कुटुंबाजवळ प्लायवुडच्या तळाचा, पंधरा फूट लांबीचा डोंगा आहे आणि त्याच्या तळास वस्त्र चढवावयाचें आहे. काम केव्हां काढावें? पावसाळ्यांत नव्हे, कारण हवेंतील दमटपणानें राळेवर तेलकट साय धरते व पुढचा थर तिच्यावर बसत नाहीं. ऐन थंडीच्या रात्रींहि नव्हे. पारा १०-१२ अंशांवर उतरला कीं राळ घट्ट होण्याचें नांव घेत नाहीं. आणि वैशाखांत? नागपूरचा वैशाख कसा असतो तें सांगावयास नको. २३ मे २०१३ रोजीं येथें ४७.९ अंश उष्णता नोंदली गेली होती. दर दहा अंश उष्णता वाढली कीं राळ घट्ट होण्यास लागणारा वेळ साधारणतः निम्मा होतो. ज्या राळेस २५ अंशांत अर्धा तास हाताळतां येतें, तीच ४५ अंशांत सात-आठ मिनिटांत हातांत दगड होऊन बसते. शिवाय राळ घट्ट होतांना स्वतःच उष्णता सोडते. खोल डब्यांत ती ढीगभर ठेवली तर उष्णता कोंडते, डबा तापतो, फेंस येतो आणि धूर निघूं लागतो. यासाठीं राळ थोडी थोडी मिसळून लगेच पसरट ताटांत ओतावी. तेव्हां उत्तम काळ म्हणजे फाल्गुन आणि चैत्राचा आरंभ. लांकूड मात्र त्याआधीं दोन-तीन महिने सावलींत, चहूंकडून वारा लागेल असें उपडें घालून वाळवावें. उन्हांत टाकल्यास वरून तडकतें आणि आंत ओलेंच राहतें.

पुरेसें वाळलें कीं नाहीं हें पाहण्यास महागडें यंत्र हवेंच असें नाहीं. तळास भोंक पाडतांना निघणारा भुगा स्वयंपाकघरांतल्या काट्यावर तोलावा, मंद आंचेवर वजन घटणें थांबेपर्यंत सुकवावा आणि पुन्हा तोलावा. ११२ ग्रॅमचे १०० झाले तर ओलावा शेंकडा १२. येथवर आलें म्हणजे काम काढण्यास हरकत नाहीं. लांकूड सागाचें असेल तर आणखी एक दक्षता हवी. आलापल्लीच्या जंगलांतला साग ज्या तेलामुळें कीड-पाण्यास दाद देत नाहीं, तेंच तेल राळेलाहि दाद देत नाहीं. म्हणून लांकूड घासून, ॲसिटोननें पुसून, तें उडून जातांच विनाविलंब राळ लावावी. गुणाचाच असा अवगुण होतो.

एक बारकी गोष्ट अशी कीं, जिनें नागपूरकडे पुष्कळ कामें बिघडतात. सकाळचें कोंवळें ऊन पाहून काम सुरू करण्याची आपल्याकडे संवय आहे. लांकडाच्या रंध्रांत हवा असते. दिवस चढतो तशी ती तापते, पसरते आणि ओल्या राळेंतून बुडबुडे काढीत बाहेर येते. दुपारपर्यंत सबंध तळावर पुरळ उठल्यासारखे फोड दिसतात. तेंच काम चार वाजतां, ऊन उतरतीला लागल्यावर सावलींत आरंभावें. लांकूड थंड होऊं लागतें, आंतली हवा आकसते आणि राळ बाहेर ढकलली न जातां आंत ओढली जाते. त्याच लांकडावर, त्याच राळेनें, केवळ घड्याळाच्या फरकानें काम साधतें किंवा फसतें.

पुढील कृति फार अवघड नाहीं. जुना रंग व डांबर पूर्णपणें खरवडून स्वच्छ लांकूड उघडें करावें. कडा रंध्यानें व पॉलिश-पेपरनें गोल कराव्यात, कारण काचेचें कापड तीक्ष्ण कोपऱ्यावर वळत नाहीं. तेथें खालीं पोकळी राहते. आंतल्या बाजूस तळ आणि बाजूच्या फळ्या जेथें मिळतात, तेथें लांकडाचा बारीक भुसा राळेंत कालवून, भिजविलेल्या कणकेइतका घट्ट करून, बोटानें फिरवावा म्हणजे कोनाऐवजीं वळण तयार होतें. मग आधीं नुसत्या राळेचा पातळ थर द्यावा. कोरड्या लांकडावर एकदम कापड टाकलें तर लांकूडच राळ पिऊन टाकतें आणि कापड उपाशी राहतें. तो थर चिकट असतांनाच, दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाचें कापड सुरकुती न पाडतां पसरावें, मध्यावर राळ ओतावी व रबरी पट्टीनें कडांकडे ओढीत न्यावी. कापड पांढरें असतें. राळ नीट भिनली कीं तें कांचेसारखें पारदर्शक होऊन लांकडाचे रेशे खालून दिसूं लागतात. जेथें पांढुरका डाग उरेल तेथें कापड उपाशी आहे. जेथें राळ चकाकत तरंगते तेथें कापड अजीर्णानें वर उचललें गेलें आहे. दोन्ही अवस्था वाईट. कापडाची वीण किंचित् दिसत राहावी, मंद तुकतुकी असावी, एवढी राळ पुरे. वीण भरून काढण्यास नंतर दोन पातळ थर द्यावेत. पहिला थर पुरा वाळला असेल तर दुसऱ्यापूर्वीं तो साध्या पाण्यानें चोळून धुवावा व मग घासावा; आधीं घासलें तर ती तेलकट साय नुसती सर्वत्र पसरते.

५० चौरस फुटांस हें सर्व मिळून कापड दीड किलोच्या आंत व राळ साडेचार किलोच्या आसपास लागते. डोंग्याचें वजन त्यानें सहा किलोंनीं वाढेल, अशी तक्रार होईल. पण एक इंच जाडीचा सागाचा तेवढाच तळ कोरड्या स्थितींतून चिंब झाला म्हणजे सुमारें बारा किलो पाणी पिऊन बसतो. वस्त्राचें वजन त्याच्या निम्मेंच.

हातांचें काय, हा प्रश्न बहुधा कामानंतर सुचतो. इपॉक्सीस फारसा वास नसतो. त्यामुळें ती निरुपद्रवी वाटते. परंतु पुन्हा पुन्हा कातडीस लागत गेली तर एखाद्याच्या अंगास ती असा हाड वैर धरते कीं, पुढें नुसत्या स्पर्शानेंहि पुरळ उठतें व त्या मनुष्यास तो धंदाच सोडावा लागतो. रबरी हातमोजे घालावेत, लागलेली राळ ॲसिटोननें पुसूं नये, कारण त्यानें ती कातडींत अधिकच शिरते, साबण-पाणी बरें. घासतांना उडणारी धूळ काचेची असते, हें तोंडावर फडकें बांधणाऱ्यानें विसरूं नये. तेथें धूळ गाळणारा चांगला मुखपट्टाच पाहिजे. कारागीर मोज्यांस हंसतो. काम सांगणाऱ्यानें मोजे आणून द्यावेत आणि हंसूं द्यावें.

काम झालें म्हणजे तळ आरशासारखा चमकतो, व पाहणाऱ्यास तो तसाच ठेवावासा वाटतो. हा मोह आवरावा. सूर्यप्रकाश या राळेचा शत्रु आहे; उघडी ठेवली तर ती पिवळते, खडूसारखी पिठाळते आणि कालांतरानें सुटते. बाहेरून रंगाचा जाड हात हवाच. आंतून तर आणखी एक कारण आहे. ओला चकचकीत तळ म्हणजे न्हाणीघरांतली शेवाळलेली फरशी. जाळें ओढतांना ढिवराचा पाय घसरला तर सगळी जलाभेद्यता व्यर्थ. यासाठीं शेवटच्या रंगाच्या ओल्या थरावर बारीक चाळलेली, धुऊन वाळविलेली वाळू भुरभुरावी, वाळल्यावर सैल कण झाडून टाकावेत आणि वर पुन्हा एक रंगाचा हात द्यावा.

इतकें करूनहि नाव बिघडते, ती बहुधा एका खिळ्यामुळें. तळ पुरा झाल्यावर कोणीतरी बसण्याची फळी ठोकतो, कोणी दोरीसाठीं कडी बसवितो, आणि त्या एका भोंकांतून पाणी कवचाखालीं शिरतें. पाणी काढून टाकण्यासाठीं तळास जें छिद्र ठेवतात तेंहि असेंच घातक. त्यावरील उपाय साधा आहे. छिद्र हवें त्याच्या दुप्पट रुंद पाडावें, तें भुसा कालविलेल्या राळेनें पूर्ण भरून टाकावें, आणि दुसऱ्या दिवशीं त्या घट्ट झालेल्या राळेच्या मधोमध हव्या त्या मापाचें छिद्र नव्यानें पाडावें. म्हणजे पाण्याचा लांकडाशीं संबंधच येत नाहीं. प्रत्येक कडी, प्रत्येक मळसूत्र याच रीतीनें बसवावें. वर्षांतून एकदां, नाव कांठावर असतांना, सबंध तळ लांकडी मुठीनें हलकेच ठोकून पाहावा. चांगल्या जागीं खणखणीत आवाज येतो. जेथें तो बद्द येईल तेथें कवच सुटलें आहे असें समजून तेवढा तुकडा कापून काढावा, लांकूड सुकवावें आणि नवें कापड बसवावें. छिद्राचें बूच मात्र पूर्वींप्रमाणें साध्या लांकडाचेंच ठेवावें. त्याला राळ लावूं नये. तें भिजून फुगतें, म्हणूनच घट्ट बसतें.